लपायला जागा देणारा डोंगर

मुलांनो, घरात नकाशांचे पुस्तक असेल तर ते आधी घेऊन बसा. आफ्रिकेचे पान उघडा आणि बोट अगदी वरच्या टोकाला न्या. भूमध्य समुद्राला टेकलेला, दोन मोठ्या शेजाऱ्यांच्या मध्ये दाटीवाटीने बसलेला एक छोटासा देश दिसेल. डावीकडे अल्जीरिया, उजवीकडे लिबिया आणि मधला हा ट्युनिशिया. आफ्रिका खंडाचे सर्वांत उत्तरेकडचे टोक याच देशात आहे, बरं का!

आता समुद्रकिनारा सोडा आणि बोट पश्चिमेकडे, अल्जीरियाच्या सीमेजवळ आणा. तिथे 'कसरीन' नावाचे गाव सापडेल. या गावाजवळ ट्युनिशियातला सर्वांत उंच डोंगर उभा आहे. त्याचे नाव जबल शांबी.

'जबल' हा अरबी शब्द. अर्थ अगदी सोपा, डोंगर. तुम्ही जिब्राल्टरचे नाव ऐकले असेल. ते मुळात 'जबल तारिक', म्हणजे तारिकचा डोंगर. बोलता बोलता त्याचे जिब्राल्टर झाले.

शांबीची उंची १५४४ मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे शांबीपेक्षा १०२ मीटरने उंच! तुमच्यापैकी कुणी कळसूबाई चढले असेल तर त्याने खुशाल सांगावे, "मी ट्युनिशियातल्या कुठल्याही डोंगरापेक्षा उंच जाऊन आलोय." त्यात काही खोटे नाही.

मग एवढ्याशा डोंगराची गोष्ट सांगायची कशाला? कारण या डोंगराकडे दोन गोष्टी आहेत, एक अरुंद खिंड आणि लपायला भरपूर जागा. या दोन गोष्टींपायी हरणे इथे आली, मेंढपाळ आले, रणगाडे आले आणि शेवटी बंदुका घेतलेल्या टोळ्याही आल्या. कसे ते एकेक करून पाहू.

डोंगरांची भिंत

आफ्रिकेच्या उत्तरेला मोरोक्कोपासून ट्युनिशियापर्यंत अ‍ॅटलास नावाची पर्वतरांग पसरली आहे. लांबी सुमारे अडीच हजार किलोमीटर. आफ्रिकेची जमीन आणि युरोपची जमीन लाखो वर्षे एकमेकींना रेटत राहिली आणि मधल्या खडकांना वळ्या पडल्या. चादर दोन्ही बाजूंनी ढकलली की मधे कशी उंचवटे येऊन गोळा होते, तसेच हे. अ‍ॅटलासचे सर्वांत उंच शिखर तुबकाल, ४१६७ मीटर. ते मोरोक्कोत आहे. पूर्वेकडे येता येता रांग ठेंगणी होत जाते आणि ट्युनिशियात तिचे शेवटचे टोक लागते.

ट्युनिशियातल्या या शेवटच्या रांगेला 'दोर्साल' म्हणतात. हा फ्रेंच शब्द पाठीच्या कण्यावरून आला आहे. नाव अगदी योग्य! नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे ही रांग देशाच्या पाठीच्या कण्यासारखीच गेली आहे. तिच्या उत्तरेला गव्हाची शेते आणि हिरवळ, दक्षिणेला कोरडे माळ आणि पुढे सहारा. शांबी या दोन जगांच्या सीमेवर उभा आहे.

इथे पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत पडत नाही. उन्हाळा कडकडीत कोरडा जातो आणि जो काय थोडा पाऊस पडायचा तो थंडीच्या दिवसांत पडतो. एखाद्या हिवाळ्यात शिखरावर बर्फही दिसतो. आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळू आणि उंट येतात, पण आफ्रिकेत बर्फही पडतो, हे वहीत लिहून ठेवा.

एवढ्या कमी पावसात जगू शकणारे झाड म्हणजे अलेप्पो पाइन. शांबीच्या उतारांवर या पाइनचे रान आहे. त्याच्या फळातले काळे बारीक बी दळून ट्युनिशियात एक गोड खीर करतात. तिला 'असिदा झगूगू' म्हणतात. पैगंबरांच्या जन्मदिवशी, म्हणजे मौलिदला, ती घरोघरी शिजते. वरून बदाम-पिस्त्यांची नक्षी काढतात. रोझमेरी नावाची सुवासिक वनस्पतीही इथे उगवते. पायथ्याच्या माळांवर 'हल्फा' नावाचे चिवट गवत वाढते. या गवतापासून दोर, टोपल्या, चटया तर होतातच, शिवाय चांगला कागदही होतो. त्यासाठी कसरीनमध्ये गवतापासून लगदा करणारा मोठा कारखाना उभा राहिला.

म्हणजे पाहा, डोंगराखालच्या माणसांची चूल, बाजार आणि रोजगार सगळे या डोंगरावर अवलंबून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एडमी आणि तिचे शेजारी

आता डोंगरावरच्या खऱ्या रहिवाशांना भेटू.

पहिला मान एडमीचा. हे एक हरीण आहे. शास्त्रज्ञ त्याला फ्रेदेरिक क्यूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखतात. खांद्यापाशी उंची जेमतेम दोन फुटांच्या वर, वजन वीस ते पस्तीस किलो, अंगावर गडद तपकिरी रंग आणि कुशीवर काळसर पट्टा. नर-मादी दोघांनाही शिंगे असतात. मादीला बऱ्याचदा जुळी पिल्ले होतात.

आपल्या महाराष्ट्रातला चिंकारा हा या एडमीचा लांबचा चुलतभाऊ. पुणे जिल्ह्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, तिथे चिंकारा दिसतो. पण दोघांच्या सवयी वेगळ्या. चिंकाऱ्याला मोकळे माळ, खुरटी झुडपे आवडतात. एडमी मात्र डोंगरातली. पहाटे आणि संध्याकाळी चरायला बाहेर पडायचे आणि मधल्या वेळात झाडांच्या आडोशाला राहायचे, हा तिचा शिरस्ता.

साऱ्या जगात एडमी फक्त मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशिया या भागातच राहते. शिकारीमुळे आणि राने तुटल्यामुळे ती फार कमी उरली. म्हणूनच शांबीच्या रानाला महत्त्व आले. १९७७ साली युनेस्कोने शांबीला जगातल्या राखीव जीवावरणांच्या यादीत घेतले. १९८० साली ट्युनिशियाने इथे राष्ट्रीय उद्यान केले. क्षेत्रफळ सुमारे ६७०० हेक्टर. एडमीला हक्काचे घर मिळाले.

दुसरा रहिवासी औदाद, म्हणजे बार्बरी मेंढी. नावात मेंढी असली तरी हा प्राणी पाहिल्यावर तुम्ही बुचकळ्यात पडाल. ही मेंढी की बोकड? शिंगे मागे वळलेली, जाडजूड. गळ्यापासून पुढच्या पायांपर्यंत लोंबणारी लांब केसांची झालर, जणू कुणी उपरणे घातले आहे! औदाद कड्यांवर चढण्यात पटाईत. धोक्याची चाहूल लागली की तो बऱ्याचदा पळत नाही. जागच्या जागी दगडासारखा उभा राहतो. अंगाचा रंगही खडकासारखा, त्यामुळे समोर असूनही तो दिसत नाही. लपंडावात तुम्ही ही युक्ती करून पाहा.

रात्री इथे पट्टेवाले तरस बाहेर पडते. आकाशात मोरघार, बहिरी ससाणा आणि पांढरे गिधाड. ही नावे ओळखीची वाटली ना? वाटणारच. तरस, मोरघार, बहिरी ससाणा आणि पांढरे गिधाड हे चौघेही आपल्याकडे आढळतात. प्राण्या-पक्ष्यांच्या जगात पासपोर्ट नसतो.

या सगळ्यांना शांबी का आवडतो? कडे, घळी, गुहा आणि दाट पाइन. लपायला जागा!

दोन डोंगरांमधले दार

आता खिंडीकडे वळू. दोर्सालची रांग ही भिंत मानली तर भिंतीला दारे हवीतच. शांबी आणि त्याच्या समोरचा सेम्मामा या दोन डोंगरांमध्ये असेच एक दार आहे. सुमारे तीन किलोमीटर रुंद. हीच कसरीनची खिंड. खिंड ओलांडली की वाट फुटते. एक रस्ता पश्चिमेला अल्जीरियातल्या तेबेसाकडे जातो, दुसरा उत्तरेला थाला गावाकडे.

या वाटेचे महत्त्व फार जुने आहे. कसरीन या नावाचा अर्थ 'दोन किल्ले'. खरे तर ते किल्ले नव्हते. तिथे रोमन लोकांच्या काळातल्या दोन उंच समाध्या होत्या. लांबून त्या किल्ल्यांसारख्या दिसत, म्हणून गावाला नाव पडले. त्यातल्या फ्लावियस घराण्याच्या समाधीवर लॅटिन भाषेत तब्बल ११० ओळींची कविता कोरलेली आहे. दगडावर एकशे दहा ओळी! तुम्हाला सोळा ओळी पाठ करायच्या म्हटले तर केवढा कंटाळा येतो!

आता येऊ दुसऱ्या महायुद्धाकडे. त्या वेळी ट्युनिशियावर फ्रान्सची सत्ता होती. नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्या फौजा मोरोक्को आणि अल्जीरियाच्या किनाऱ्यावर उतरल्या. ही दोस्त राष्ट्रांची फौज. तिला अडवायला जर्मनी आणि इटलीने ट्युनिशियात घाईघाईने सैन्य आणले. इजिप्तमधल्या अल अलामीनला हरलेला जर्मन सेनापती रोमेल लिबियातून मागे हटत ट्युनिशियातच आला. त्याच्या पाठीवर ब्रिटिशांची आठवी सेना होती. म्हणजे तो दोन्ही बाजूंनी कोंडला जाणार होता.

रोमेलने ठरवले, कोंडी पुरी व्हायच्या आत एका बाजूवर झडप घालायची. पश्चिमेकडच्या अमेरिकन फौजेला अजून मोठ्या लढाईचा अनुभव नव्हता. त्यांची मोठी कोठारे तेबेसाला होती. आणि तेबेसाला जायचा रस्ता कसरीनच्या खिंडीतून!

१४ फेब्रुवारी १९४३ रोजी जर्मनांनी पूर्वेकडे सिदी बू झिद येथे हल्ला केला. अमेरिकन मागे हटत खिंडीपर्यंत आले. १९ फेब्रुवारीला खिंडीवर हल्ला सुरू झाला. पाऊस आणि धुके. आता इथे एक चूक झाली. अमेरिकनांचे बरेचसे सैनिक खिंडीच्या तळाशी, रस्ता अडवून बसले होते. दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर माणसे फार थोडी. तुम्ही गडकिल्ल्यांच्या गोष्टी वाचल्या आहेत, तेव्हा तुम्हीच सांगा, खिंड लढवायची तर माणसे कुठे हवीत? वर! ज्याच्या हाती डोंगर, त्याच्या हाती खिंड. रात्रीच्या अंधारात जर्मन सैनिक उतार चढून वर गेले. २० फेब्रुवारीला जर्मन आणि इटालियन फौजांनी खिंड जिंकली.

रोमेलने मग सैन्याचे दोन भाग केले, एक तेबेसाच्या रस्त्याला आणि एक थालाच्या. पण तेवढ्यात अल्जीरियाच्या पार पश्चिम टोकाहून अमेरिकन तोफखाना निघाला होता. डोंगरातले वाईट रस्ते, थंडी, पाऊस, आणि अंतर सुमारे तेराशे किलोमीटर. चार दिवसांत ते थालाला पोचले! तिथे ब्रिटिश तुकड्या कशाबशा तग धरून होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तोफा धडाडू लागल्या आणि जर्मनांची चाल थांबली. २२ फेब्रुवारीला रोमेलने माघारीचा निर्णय घेतला. जाता जाता त्याच्या सैन्याने रस्त्यात सुरुंग पेरले. काही दिवसांतच खिंड पुन्हा दोस्तांकडे आली.

या लढाईत अमेरिकेचे हजारो सैनिक मेले, जखमी झाले, पकडले गेले. त्यांनी चुकांतून धडा घेतला. मार्चमध्ये नवा सेनापती आला, जनरल पॅटन.

मग आपले भारतीय सैनिक कुठे होते? त्या वेळी भारतावर इंग्रजांचे राज्य होते आणि चौथी भारतीय डिव्हिजन ब्रिटिशांच्या आठव्या सेनेत होती. ती कसरीनच्या लढाईत नव्हती. ती रोमेलच्या पाठीवर, दुसऱ्या बाजूने येत होती. एप्रिल १९४३ मध्ये तिने ट्युनिशियातलेच दुसरे डोंगर चढून लढाया केल्या. वादी अकारितच्या लढाईत गुरखा सुभेदार लालबहादूर थापा यांनी आणि जबल गार्सीवर राजपुताना रायफल्सचे हवालदार मेजर छेलू राम यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. छेलू राम त्याच लढाईत गेले. १३ मे १९४३ रोजी ट्युनिशियातले युद्ध संपले. दोन लाखांहून अधिक जर्मन आणि इटालियन सैनिक कैद झाले.

एक गोष्ट विसरू नका. या युद्धात अमेरिकन होते, ब्रिटिश होते, जर्मन, इटालियन, फ्रेंच, भारतीय होते. पण घरे, शेते, शेळ्या-मेंढ्या होत्या त्या ट्युनिशियातल्या लोकांच्या. भांडण दुसऱ्यांचे आणि अंगण त्यांचे! ट्युनिशिया स्वतंत्र झाला तो १९५६ साली.

डोंगराचे दार पुन्हा बंद

राष्ट्रीय उद्यान झाल्यावर शांबी तीसेक वर्षे हरणांचा आणि मेंढपाळांचा होता. मग २०१२ च्या अखेरीस नवे संकट आले. सरकारविरुद्ध शस्त्रे घेतलेल्या अतिरेक्यांच्या टोळ्या शांबीवर लपून बसल्या. त्यांनी हाच डोंगर का निवडला, याचे उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. सीमा जवळ, रान दाट, घळी आणि गुहा भरपूर. एडमीला जे आवडले, तेच त्यांनाही सोयीचे वाटले.

त्यांनी वाटांवर घरगुती सुरुंग पेरले. २०१३ मध्ये डोंगरावर गेलेल्या सैनिकांचे पाय त्या सुरुंगांनी उडाले. त्याच वर्षी जुलैत आठ सैनिक दबा धरून मारले गेले. पुढच्या जुलैत, २०१४ साली, संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी हल्ला झाला आणि डझनाहून जास्त सैनिक ठार झाले. लष्कराने तोफा आणि विमाने वापरली. पाइनच्या रानाला आगी लागल्या. एप्रिल २०१४ मध्ये सरकारने शांबीला लष्करी क्षेत्र ठरवून तिथे लोकांना जायला बंदी केली.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आठवा. झगूगूचे बी कुठून आणायचे? रोझमेरी, हल्फा कुठे कापायचे? मेंढ्या कुठे चारायच्या? डोंगर समोर दिसतोय, पण पाऊल टाकायचे नाही. कसरीन हा आधीच ट्युनिशियातल्या गरीब भागांपैकी एक. पोटासाठी काही जण तरीही गेले, आणि सुरुंगावर पाय पडून मेंढपाळ आणि रानातला माल गोळा करणारे लोक जखमी झाले, काही मेले.

सुरुंगाची वाईट गोष्ट अशी, की त्याला डोळे नसतात. पाय सैनिकाचा की शेळी शोधायला गेलेल्या मुलाचा, की हरणाचा, हे त्याला कळत नाही. भांडण मिटले, माणसे घरी गेली, तरी तो तिथेच वाट पाहत बसतो. म्हणूनच १९९७ साली कॅनडातल्या ओटावा शहरात माणसांवर वापरायच्या सुरुंगांवर बंदी घालणारा करार झाला. ट्युनिशियानेही त्यावर सही केली आणि स्वतःकडचा साठा नष्ट केला. पण रानात लपून सुरुंग बनवणारे लोक कराराला कुठे जुमानतात?

जळाल्यावर उघडणारे फळ

अलेप्पो पाइनची एक गंमत सांगायची राहिली. त्याची काही फळे पिकली तरी उघडत नाहीत. डिंकासारख्या राळेने घट्ट मिटलेली ती वर्षानुवर्षे फांदीवर राहतात. रानाला आग लागली, की उष्णतेने राळ वितळते, फळ उघडते आणि बी राखेवर पडते. पाऊस आला की त्याच राखेतून रोपे वर येतात.

मात्र एक अट आहे. या रोपांना मोठे होऊन स्वतःचे बी धरायला बरीच वर्षे शांतता लागते. त्याआधीच पुन्हा आग लागली तर रोपे जळतात आणि झाडावर बीही नसते. मग रान परत येत नाही, नुसता खडक उरतो. एडमीचेही असेच आहे. पिल्लू जन्मून, वाढून, त्याला पिल्ले व्हायला शांत वर्षे लागतात. आणि कसरीनच्या मेंढपाळाच्या मुलाचेही तसेच. त्याला शाळेत जायला, डोंगरावरच्या वाटा आजोबांकडून शिकायला शांत वर्षे हवीत.

आई-बाबांनो, आता तुमच्यासाठी एक विनंती. बातम्यांत एखाद्या लांबच्या डोंगराचे नाव लढाईमुळे आले, तर मुलांना तेवढेच सांगून थांबू नका. तिथे कोणती झाडे आहेत, माणसे काय खातात, प्राणी कोणते, हेही शोधून सांगा. नाहीतर मुलांना तो डोंगर फक्त बंदुकांचा वाटेल.

आणि मुलांनो, तुम्हाला एक काम. तुमच्या गावाजवळच्या डोंगराची अशीच माहिती काढा. त्याची उंची किती, त्यावर कोणती झाडे आहेत, तिथे कोण लपते, कधी लढाई झाली होती का, आणि आज त्याच्या आधारावर कोणकोणती घरे जगतात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही. त्यासाठी डोंगराखालच्या एखाद्या आजी-आजोबांकडे जाऊन बसावे लागेल. वही-पेन्सिल घेऊन जा.